पलंगावरून दिसणारा टीव्ही

माझे यजमान सव्वीस वर्षं आंजीच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. खेळाचे म्हणजे कबड्डीचे. वेळापत्रकात लेझीम, गोळाफेक, लांब उडी असं बरंच काही लिहिलेलं असायचं, पण मैदानाच्या कोपऱ्यात चुन्याने आखलेला तो चौकोन आणि त्यात मातीने माखलेली पोरं, एवढंच त्यांचं खरं काम होतं. वर्ध्याला लागून पिपरी मेघेला आमचं घर झालं तरी ते रोज सकाळी गाडी काढून आंजीला जात. रविवारीही जात. मी वर्ध्यातल्या एका वाचनालयात काम करते. दिवसभर खुर्चीत बसणारी बाई आणि दिवसभर उभा राहणारा माणूस, अशी आमची जोडी होती.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ते गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करायला चढले. शिडीच्या पायऱ्यांना शेवाळ धरलेलं होतं. मी घरातून बाहेर आले तेव्हा ते अंगणात पडलेले होते आणि त्यांचे डोळे उघडे होते.

सेवाग्रामच्या दवाखान्यात अडीच महिने गेले. जीव वाचला. बोलणं राहिलं, समज राहिली. मानेखालचं शरीर मात्र परत आलं नाही. उजवा हात कोपरातून थोडा उचलता येतो. मान डावीकडे वळते, उजवीकडे फारशी वळत नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "पहिलं वर्ष मनाने फार कठीण जातं. ते गप्प राहायला लागले, आवडीच्या गोष्टींतून मन उडालं, तर आम्हाला सांगा." हे वाक्य मी मनात धरून बसले. पुढे जे घडलं ते सगळं मी या वाक्यातूनच पाहत राहिले.

पलंग आम्ही पुढच्या खोलीत टाकला. हवेच्या गादीला सतत वीज लागते, तिचं बटण एकाच भिंतीला होतं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, म्हणून पलंगाच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढी जागा हवी. चाकाची खुर्ची दारातून आत-बाहेर व्हायला हवी. हे सगळं जमवून पलंग जिथे बसला तिथून टीव्ही तिरपा आणि बराच वर दिसायचा. टीव्ही बत्तीस इंची, आमच्या मुलीच्या दहावीच्या वर्षी घेतलेला. त्याखाली सिमेंटचा ओटा होता, त्यामुळे तो खाली घेता येत नव्हता. समोरच्या भिंतीला दार आणि खिडकी. पण दिसतो ना, मग झालं, असं तेव्हा मला वाटलं.

सुरुवातीला ते टीव्ही पाहायचे. बातम्या, एखादा जुना सिनेमा. मग कबड्डीचे सामने सुरू झाले. पहिल्या दिवशी मी हौसेने लावून दिले. त्यांनी दहा-पंधरा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "बंद कर. मन लागत नाई माहं."

"मॅच तं आता रंगात येऊन राह्यली," मी म्हटलं.

"तू पाह्य तुले पाह्याची असन तं."

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी टीव्ही लावताच त्यांनी डोळे मिटून घेतले. मी समजले. म्हणजे मला वाटलं, मी समजले. ज्याला बोटही हलवता येत नाही त्याने पळती, उड्या मारती, एकमेकांना धरून पाडती माणसं का पाहावीत? मी टीव्ही लावणं सोडून दिलं. एवढ्यावर थांबले नाही. आंजीहून त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला यायचे. आता कोणी पोलिसात, कोणी दुकानात, कोणी शेतीत. मी त्यांना फाटकाशीच गाठायची आणि सांगायची, "सरांसमोर खेळाचं काही काढू नका बरं." ती मुलं गुणाची. आत येऊन हवापाण्याचं बोलत, पाया पडत आणि निघून जात. हळूहळू येणंही कमी झालं. सरांपाशी आणि मुलांपाशी बोलायला जे होतं तेच मी मधून काढून घेतलं होतं.

आठ-नऊ महिने असे गेले. दवाखान्यात तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं की ते गप्प असतात, आवडता खेळही पाहत नाहीत. गोळी सुरू झाली. गोळीने झोप वाढली.

मग पौष महिन्यातली एक सकाळ. माझा धाकटा दीर शेतावरून आला होता. त्याने आणि दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशींनी मिळून ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि अंगणात उन्हाला नेलं. मी चादर बदलायला मागे राहिले. चादर घातली आणि जरा पाठ टेकावी म्हणून त्यांच्या जागेवरच आडवी झाले. उशी त्यांच्यासारखी, मान डावीकडे. टीव्हीवर मावशींची मालिका आवाज बंद करून चालू होती.

पडद्यावर लग्नाचा प्रसंग होता. मला कळेना हे काय आहे. सगळ्यांचे चेहरे राखेसारखे. साड्या सगळ्या एका मळकट रंगाच्या. ज्या ठिकाणी सावली असावी तिथे पांढुरकं काहीतरी, दुधात पाणी घातल्यासारखं. मला वाटलं टीव्ही बिघडला. मी उठून उभी राहिले. नवरीचा शालू लाल होता, मागे झेंडूची तोरणं होती. पुन्हा आडवी झाले. लाल गेला, झेंडू गेला. मी चार-पाच वेळा उठले आणि निजले. मग पलंगाच्या काठावर बसून राहिले. जवळजवळ वर्षभर मी या पलंगाशी दिवसातून पन्नास वेळा उभी राहत होते. त्यावर डोकं टेकून इथून जग कसं दिसतं, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

अंगणात गेले. ते डोळे मिटून ऊन घेत होते. दीर शेजारी बसून शेंगा सोलत होता.

"तुम्हाले पलंगावरून टीव्ही कसा दिसते?" मी विचारलं.

"कसा म्हंजे?"

"रंग दिसते काय? मानसं ओळखू येते काय?"

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. दीर म्हणाला, "काय झालं वहिनी?"

"मी आता ह्यांच्या जागी झोपून पाह्यलं. मले काईच दिसलं नाई. सारे मानसं राखेवानी."

त्यांनी डोळे उघडले. "तुले बी तसंच दिसलं?"

"हव."

"दोनी चमू एकाच रंगाचे?"

"मॅच नाई पाह्यली मी. पन लाल साडी लाल नाई दिसली."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मले वाटलं माहे डोये गेले," ते म्हणाले.

मी खुर्चीशी खाली बसले. "मंग सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? हात गेले, पाय गेले. आता डोये बी चालले म्हनून सांगू? तू कुठं कुठं पुरशील?" मग म्हणाले, "आन सांगितलं असतं तं डॉक्टरनं हो म्हटलं असतं. थे आयकाचं नव्हतं मले."

त्या सकाळी ते अपघातानंतर पहिल्यांदा रडले. त्यांना स्वतःचे डोळे पुसता येत नाहीत. दिराने आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसले आणि तो शेंगांच्या टरफलांकडे पाहत बसून राहिला.

त्याच आठवड्यात डोळे तपासून घेतले. जवळचा चष्मा थोडा बदलला, बाकी डोळे उत्तम. जुना टीव्ही खाली झुकवूनही पाहिला. थोडा फरक पडला, पण बाजूने रंग येईनात. तेव्हा नवीन टीव्ही घ्यायचं ठरलं.

आमची त्यासाठी पंचवीस हजारांच्या वर काढण्यासारखी स्थिती नव्हती. मुलगी पुण्यात नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. ती फोनवर म्हणाली, "आई, मोठा घे, पंचावन्न इंची. वरचे मी देते." मी नको म्हटलं. तिच्याकडून मला दुसरंच हवं होतं. हा रंग उडण्याचा प्रकार काय आहे, तेवढं शोधून सांग, म्हटलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"पडदे दोन तऱ्हेचे असतात आई. एकात काळा रंग अगदी काळा दिसतो, चित्र जोरदार वाटतं, पण समोर बसलं तरच. बाजूला सरकलं की फिकटतं. दुसऱ्यात काळा रंग जरासा करडा दिसतो, पण कुठूनही पाहिलं तरी रंग टिकतात. बाबांना दुसरा पाहिजे."

"तो ओळखायचा कसा?"

"खोक्यावर बहुतेक लिहिलेलं नसतं. दुकानदारालाही माहीत असेलच असं नाही. तू स्वतः बाजूने पाहा."

मी शिलाईचा टेप काढला. उशी जमिनीपासून किती उंच, टीव्हीचा खालचा काठ किती उंच, पलंगापासून भिंत किती लांब, आणि किती तिरपी, हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं. ते पलंगावरून पाहत होते. "मैदान आखून राह्यली काय?" म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी असं काही म्हटलं होतं.

वर्ध्यात पहिल्या दुकानात दीर माझ्यासोबत होता. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच फीत चाललेली: पोपट, कापलेली संत्री, निळ्या पाण्यात होडी. विक्रेता दिराशीच बोलत होता. किती के, किती रंग, आवाज किती वॅटचा. मी म्हटलं, मला बाजूने पाहायचा आहे, आणि खालून.

"मॅडम, टीव्ही समोर बसूनच पाहतात," तो म्हणाला.

"आमच्या घरी नाही पाहत."

तो हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. मी वाकून, गुडघ्यावर बसून पाहू लागले तशी दिराची चुळबूळ सुरू झाली. "वहिनी, लोक पाहून राह्यले," तो हळूच म्हणाला. त्याला संकोच वाटला यात त्याचा दोष नव्हता. आम्ही तिथून निघालो.

दुसरं दुकान जुनं होतं. तिथला विक्रेताही सुरुवातीला तसाच. सगळ्यांत महाग आणि मोठा त्याने आधी दाखवला. समोरून खरंच डोळे दिपावेत असा. मी कागद काढला, मोजून बाजूला सरकले. पण वाकून नीट कळेना. मान वाकडी, पाय थरथरणारे, अशा अवस्थेत कोणाला रंग कळणार? एका टीव्हीचं रिकामं खोकं भिंतीला उभं होतं. मी ते घेतलं, जमिनीवर आडवं पसरलं, पदर खोचला आणि त्यावर झोपले. मान डावीकडे.

माझं वय तेव्हा एकावन्न. दुकानात पाच-सात गिऱ्हाइकं होती. एक बाई तिच्या नवऱ्याला काहीतरी कुजबुजली. विक्रेता म्हणाला, "मॅडम, उठा, असं नका करू." दीर दाराकडे तोंड करून उभा राहिला. मला लाज वाटली नाही असं मी म्हणणार नाही. कान तापले होते. पण पोपट पांढरट झालेला मला खालून स्पष्ट दिसला, आणि तो टीव्ही आपला नाही हे कळलं.

गल्ल्यावर दुकानाचे मालक बसले होते. सत्तरीचे असतील. ते उठून आले.

"काय पाह्यजे बाई तुम्हाले?"

मी झोपल्या झोपल्याच सांगितलं. माझे यजमान असे आहेत, असे झोपतात, त्यांना इथून दिसलं पाहिजे. ते कबड्डी शिकवायचे. त्यांना दोन चमू वेगळे ओळखू आले पाहिजेत.

मालक विक्रेत्याला म्हणाले, "थे पोपट बंद कर. कबड्डी लाव कुठची बी. आन हा चकचकाट कमी कर, घरी इतका उजेड नाई ठेवत कोनी." माझ्या कागदावरची उंची त्यांनी विचारली. एकेक टीव्ही त्या उंचीच्या फळीवर ठेवायला लावला. स्वतः गुडघ्यांवर हात टेकत टेकत माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि डोकं तिरपं करून पाहू लागले.

"ह्याचा रंग जाते," ते म्हणायचे. पुढचा लावला की, "ह्याचा बी जाते." चौथा की पाचवा त्रेचाळीस इंची होता, नावाजलेला नव्हे, मागच्या वर्षीचा. समोरून तो इतरांपुढे थोडा फिकाच दिसत होता. पण खालून पाहिलं तर एका चमूचे पिवळे कपडे पिवळे होते आणि दुसऱ्याचे निळे निळे होते. पोरगा चढाईला आला, बोनस रेषेवर पाय टाकून परत फिरला, तेव्हा त्याचा पाय कुठे पडला ते मला त्या खोक्यावरून दिसलं.

"बाई, हा घ्या," मालक म्हणाले. "मोठा तुमच्या कामाचा नाई. समोर बसनाऱ्यासाठी आहे तो."

तो आमच्या बेतात बसत होता. उठताना दिराने मला हात दिला आणि माझ्या पाठीवरची धूळ झटकली. गाडीवर तो म्हणाला, "मी झोपाले पाह्यजे होतं वहिनी." मी म्हटलं, जाऊ द्या.

टीव्ही लागला त्या संध्याकाळी सामना होता. मी, मावशी आणि दीर भिंतीला टेकून बसलो. पहिली दहा मिनिटं ते बोललेच नाहीत. मला वाटलं, फसलं. मग एकदम म्हणाले, "डावा कोपरा झोपला आहे त्याइचा. पाय पाह्य ना त्याचा, टाच टेकली." पुढच्याच चढाईत त्या कोपऱ्यातला खेळाडू बाद झाला. "सांगितलं," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. सामना संपेपर्यंत ते असेच बोलत राहिले, आणि मी पडद्याऐवजी त्यांच्याकडेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी फाटकाशी पोरांना काय सांगत होते ते त्यांना सांगून टाकलं. वाटलं होतं, समजून घेतील. ते भयंकर चिडले. मानेच्या शिरा ताणल्या.

"माह्या पोराइले तू गेटवर अडवलं? मले इचारलं काऊन नाई?"

"तुम्हाले तरास होईन म्हनून."

"तरास मले झाला असता ना? तुले कोनं ठरवाले सांगितलं? मी झोपून आहो, मेलो नाई."

दोन दिवस ते माझ्या हातून जेवले नाहीत, मावशींकडून जेवले. ते दोन दिवस मी वाचनालयात पुस्तकं चुकीच्या कपाटात लावत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन हातात घ्यायला लावला आणि एकेक नाव सांगत गेले. मी एकेका पोराला फोन केला. प्रत्येकाला तेच सांगितलं: सर म्हणतात, या आणि खेळावर बोला. रविवारी सहा जण आले. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सामन्यातली एक पकड कशी चुकली यावर त्यांच्यात आणि सरांमध्ये वाद झाला, आणि मी आत चहा ठेवला तो उतू गेला.

सगळं काही बदललं असं मात्र नाही. काही दिवस ते अजूनही टीव्ही बंद करायला सांगतात आणि तेव्हा कारण डोळ्यांचं नसतं. उजव्या कुशीवर असले की भिंतच दिसते. सामना आणि कुशीची वेळ जुळली नाही तर अर्धाच पाहायला मिळतो.

गेल्या मोसमात एका सामन्यात एक चढाईपटू मध्यरेषेजवळ डोक्यावर आपटला. तो उठला नाही. आजूबाजूचे खेळाडू थांबले, स्ट्रेचर आलं. मी पटकन रिमोट उचलला.

"राहू दे," ते म्हणाले.

"कायले पाह्यता?"

"राहू दे म्हटलं ना."

आम्ही पाहिलं. त्या पोराच्या मानेला पट्टा लावला, चौघांनी उचललं. पडद्यावर त्याचा चेहरा जवळून दाखवला. डोळे उघडे होते.

"मी पडलो ना," ते म्हणाले, "तवाच मले समजलं होतं. पाय हालवून पाह्यले, तं पाय कुठं आहे तेच गवसेना. वर टाकी दिसून राह्यली होती. तुले आवाज दिला मी. लय आवाज दिले. पन मोठा आवाज निंघतच नव्हता."

तीन वर्षांत त्यांनी हे सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. हाक मारली होती का, याचं उत्तर मला आधीपासून माहीत होतं म्हणूनच विचारलं नव्हतं.

"मी आत मिक्सर लावला होता," मी म्हटलं. "चटणी वाटत होती."

"मालूम आहे," ते म्हणाले. "आयकू येत होता मले मिक्सर."

मी त्यांचा हात धरून बसले. त्यांना तो कळत नाही, पण दिसतो. थोड्या वेळाने खेळ पुन्हा सुरू झाला आणि उरलेला सामना आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिला.